आक्काताईचं मौन

"भा... भावना म्हणजे..." भाग्यश्री अडखळली आणि सवयीनं थांबली. एरवी पुढचं वाक्य तिच्या आज्जीनं, आक्काताईनंच पुरं केलं असतं, तेही चुकीचं. पण आक्काताई गप. बस्तीतल्या, म्हणजे गावच्या जैन मंदिरातल्या, देवासाठी तिनं मौन धरलं होतं, दिवेलागणीपासून निजेपर्यंत.

आता बोला! अख्ख्या गावाला जिची बडबड पाठ, तिला नेमकं आत्ताच पुण्य आठवलं. बारावीच्या मानसशास्त्राची तोंडी परीक्षा जवळ आलेली. भाग्यश्रीला उत्तरं सगळी येत होती, पण परक्यासमोर जीभ उचलायची नाही. सराव परीक्षेतून ती रडत बाहेर आली होती. पुन्हा तसंच झालं तर कॉलेजच सोडायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि आज्जीला नातीपेक्षा देव जवळचा! तिला फार लागलं ते.

"आगं आई, पोरीशी दोन शब्द बोल की," वडील भरतेश म्हणाले.

आक्काताईनं बस्तीच्या दिशेनं हात जोडले. व्रतापुढं कोण काय बोलणार?

शेवटी भाग्यश्री रोज तिच्यासमोरच बसायला लागली. भिंतीपेक्षा बरी. धड्यांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या ती आज्जीच्या ओटीत टाकायची, आज्जी त्यातली एक उचलायची. एकदा निघालं अभिसंधान.

"अभि... अभि..."

आक्काताईनं पदराचा बोळा तोंडाला लावला. डोळे मात्र मोठे. भाग्यश्री थांबली, घाई कुणालाच नव्हती, आणि शब्द आपसूक आला. "अभिसंधान! म्हणजे बघ, बादलीची कडी वाजली की आपली म्हस पान्हा सोडती. अजून हातसुद्धा लावलेला नसतो!"

आज्जी गदगदून हसली, पण आवाज न करता.

परीक्षेच्या दिवशी सांगलीच्या कॉलेजात बाहेरचे सर आले होते. त्यांनी नेमकं तेच विचारलं. भाग्यश्री अडली, थांबली, मग सावकाश सगळं बोलली, म्हशीसकट.

"छान! घरी म्हैस आहे वाटतं?" सरांनी हसून विचारलं.

"हो सर. आ... आज्जी पण आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती साखर घेऊन आज्जीला बस्तीत घेऊन गेली. रुसवा केव्हाच गेला होता. देवानं ऐकलं म्हणायचं.

"उपाध्ये, आज्जीचं मौन सोडवा आता," ती तिथल्या पुजाऱ्यांना म्हणाली.

"कुणाचं? आक्काताईचं?" उपाध्ये हसायलाच लागले. "आवं, चातुर्मासात एक दिवस गप बसा म्हटलं तर भांडून गेल्या हुत्या. माझ्याकडं कसलं व्रत घेत्यात त्या!"

भाग्यश्री वळली. आज्जी खांबाला टेकून पदराशी चाळा करत होती.

"देवाला माझी बडबड चालती गं," ती म्हणाली. "तुला चालत न्हवती."