घराण्यात कुणालाच न्हाय

बेळगावच्या डॉक्टरांनी विचारलं, "जवळच्या नात्यात कुणाला असा मानसिक त्रास होता का? याचा धोका थोडाफार रक्तातूनही येतो. त्यांना कुठली गोळी लागू पडली ते कळलं, तर हिचा उपचार सोपा होईल."

"न्हाय वो डॉक्टर," आप्पा घाईघाईनं म्हणाले. "आमच्या घराण्यात असलं कुणालाच न्हाय." ताईच्या लग्नाच्या बोलणीत सांगितलं होतं, अगदी तसंच.

मी शरमेनं मान खाली घातली. अख्ख्या घराण्यात डोकं बिघडलेली मीच पहिली!

खानापूरच्या बसमध्ये मी गोळी हातात घेऊन नुसतीच बसले. आप्पांनी पाण्याची बाटली पुढं केली आणि हळूच म्हणाले, "घे गं सुविधा, भिऊ नगंस. तोंड कोरडं पडतंय, हात कापत्यात, पर झोप लागाय लागती. आपलीच माणसं आपल्या वाईटावर टपल्यात, असं वाटायचं बी बंद हुतंय."

डॉक्टर यातलं काहीच बोलले नव्हते. मी आप्पांकडं पाहिलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले.

 

त्यांच्या हातातली बाटली, मी लहानपणापासून बघत आले होते तशीच, थरथरत होती.