बोळवण

"आई, एका कॉन्झर्व्हेटिव्ह खासदाराच्या भूमिकांवर प्रोजेक्ट करतेय," नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये केतकी म्हणाली. "परदेशी कंपन्यांना विरोध, प्रेमविवाहाला विरोध, मुलींबद्दल मात्र बिल्कुल वेगळा! छापील भाषणात म्हणतो, 'बेटियों को सम्मान से विदा कीजिए.'" अलकनंदाची मान खाली गेली. हे शब्द तिचेच होते. संसदेच्या सभागृहात ती मराठी-हिंदी दुभाषी होती. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देण्याविरुद्ध तो मराठीत गरजला होता, "पोरींची साडीचोळीवर बोळवण करा!" परमुलखात आपल्या माणसाचं हसं नको, म्हणून तिने दुभाष्यांच्या काचेमागून हिंदीत वाक्य मऊ केलं आणि बाकं वाजली. आज तिने लेकीजवळ सगळं कबूल केलं. "बोळवण म्हणजे काय?" दिल्लीत वाढलेल्या केतकीने विचारलं. अलकनंदाने कपाटातून घडीही न मोडलेली साडी काढून तिच्या मांडीवर ठेवली. "तुझ्या मामाने दिलेली. बाबांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर मी सही केली, त्या दिवशी."