पोह्यांतले शेंगदाणे

“तुमचा आवडता रंग?” रुबिनाने विचारलं.

“निळा,” ओमकार म्हणाला.

“आणि हर्षला, तुझा?”

“पिवळा.”

उत्तरं बरोबर आली. म्हणजे काल ठरली होती तशीच आली. खरं तर दोघांनाही निळाच आवडतो. पण सगळंच जुळलं तर कुणालाही संशय येईल, असं रुबिनाचं म्हणणं होतं. प्रश्न तिनेच काढले होते आणि उत्तरंही तिनेच वाटून दिली होती. मुलीच्या मैत्रिणी मुलाला चार प्रश्न विचारणार, थोडी थट्टा करणार, मोठी माणसं ऐकत बसणार. मुलगी बघायच्या कार्यक्रमात हल्ली एवढं चालतं. एरवी ओमकारला अरे-तुरे करणारी रुबिना आज त्याला तोंडभरून ‘तुम्ही’ म्हणत होती.

बघायचं मात्र काही शिल्लक नव्हतं. हर्षला शिळफाट्यावर चष्म्याच्या दुकानात कामाला, तर ओमकार त्याच बाजारात मोबाइल दुरुस्त करतो. दीड वर्षं दोघं रोज संध्याकाळी एकाच गाडीवर वडापाव खात होती. पण हे खालापुरात घरी सांगायची सोय नव्हती. तिच्या आतेबहिणीने पळून जाऊन लग्न केलं, तेव्हा थोरले काका चांगोदादा भर बैठकीत कडाडले होते. आणि त्यांच्या शेजारी बसून हर्षलाचे वडील बुधाजी म्हणाले होते, “माज्या पोरीचं लगीन बघूनच व्हनार. शब्द हाय माजा.” बुधाजी दिलेला शब्द मोडणाऱ्यातले नव्हते. आणि बापाला दुखवून लग्न करणाऱ्यातली हर्षला नव्हती.

म्हणून दोघांनी गजामामाला गाठलं. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्याने जुळवलेली. त्याने ओमकारचं स्थळ आपणहून सुचवल्यासारखं आणायचं, अशी विनंती होती. आठ दिवस त्याच्या पाया पडावं लागेल अशा तयारीने हर्षला गेली होती. तो पहिल्याच वाक्याला म्हणाला, “आनतो की.” पुढे बुधाजींनी पत्रिकासुद्धा न मागता रविवार दिला. आपलं नशीब जोरावर आहे, असं बिचारीला वाटलं.

हर्षलाची आई सोनुबाई पोहे ठेवून नवऱ्याच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. बुधाजी चष्मा पुसत होते. हा चष्मा दिवाळीत लेकीनेच आपल्या दुकानातून करून दिलेला. चांगोदादा अजून पोचायचे होते. टोलनाक्यापाशी गाड्या तुंबल्यात, असा त्यांचा फोन येऊन गेला होता.

“समुद्र की माथेरान?” रुबिनाने विचारलं.

“माथेरान.”

“घोड्यावरून की चालत?”

“चालत. घोड्याने काय पाप केलंय?”

मैत्रिणी हसल्या. गजामामा हसला. बुधाजींच्याही मिशा हलल्या. ओमकारची भीड चेपली आणि घात तिथेच झाला.

“राग आला की काय करता?”

हा प्रश्न रुबिनाच्या यादीत नव्हता, तो दुसऱ्याच मैत्रिणीने टाकला. ओमकार विचारात पडला. आणि विचार करता करता त्याचा हात आपल्या बशीतला एकेक शेंगदाणा वेचून हर्षलाच्या बशीत ठेवू लागला. हर्षलाही न बघता एकेक उचलून तोंडात टाकत होती. गाडीवरची तळलेली मिरची तो रोज अशीच तिच्या कागदावर ठेवायचा. आज कार्यक्रम आहे हे त्या हाताला कोण सांगणार?

सगळ्यांच्या नजरा त्या बशीवर खिळल्या. सहावा शेंगदाणा ओमकारच्या बोटांत तसाच राहिला. संपलं सगळं, हर्षलाला वाटलं. आता बाबा उठणार आणि गजामामाला बाहेरची वाट दाखवणार.

बुधाजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

“काय रं पोरा, किती येळा भेटला हायस हिला?”

“आज पहिल्यांदाच,” ओमकार म्हणाला. रुबिनाने कपाळाला हात लावला.

बुधाजी लेकीकडे वळले. “दिवाळीत ह्यो चष्मा न्यायला मी दुकानात आलो, तवा तू नव्हतीस. शेटनं दिला. भायेर येऊन घातला, आन पयलं काय दिसलं? रस्त्याच्या पार वड्याची गाडी. ह्यो तुला मिरची देत व्हता. लई सपष्ट दिसलं गं. नंबर बरोबर काडलास.”

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“काय बोलू? दादासमोर शब्द देऊन बसलेलो. पोरगा बघायला आला तर लगीन, नायतर नाय. म्हनून पोराची चौकशी केली. चांगला निगाला. मंग गजाला सांगून ठेवलं, ही दोघं आज ना उद्या तुज्याकडं येतील. आली का, नाय म्हनू नको.”

गजामामाने पोह्यांच्या बशीत तोंड घातलं. सोनुबाई पदराआड हसत होत्या, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. हर्षलाला हसूही येत होतं आणि रडूही. दीड वर्षं पोटात धरलेली भीती कुठल्या कुठे गेली, आणि समोर बसलेला हा मिशीवाला माणूस तिला इतका आवडला की उठून त्याच्या गळ्यात पडावंसं वाटलं.

ती उठणार एवढ्यात अंगणात रिक्षा थांबली. चांगोदादांचा खाकरा ऐकू आला.

बुधाजी खुर्चीत ताठ बसले. चेहरा एकदम कडक केला.

“रुबिना, रंगापास्नं परत चालू कर,” ते हळूच म्हणाले. “आन पोरा, जरा लाजून बोल. शेंगदाने आपले आपन खा.”