लेफ्टला लिझ

टीव्हीवर कालच्या सामन्याची चित्रफीत चालू होती आणि ती बघता बघता थॅडला भर दुपारी सोफ्यावर डुलकी लागली होती. नोरीन त्याच्या अंगावर पांघरूण घालायला वाकली. तेवढ्यात तो पुटपुटला, "लिझ... अगं लिझ..."

पांघरूण तिच्या हातातच राहिलं.

नवऱ्यावर डोळा ठेवायची तिची सवय जुनी. थॅड ब्रूबेकर एरी शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघात चेंडू झेलायचा तेव्हापासूनची. फेकलेला चेंडू त्याच्या बोटांना लागला की चिकटलाच, असं सगळं शहर म्हणायचं. फक्त एकदा, अंतिम सामन्यात, अगदी हातात आलेला झेल सुटला. उन्हाची तिरीप डोळ्यात गेली, असं तो अजूनही सांगायचा. त्या काळी हॉटेलांच्या दारात पोरी त्याची वाट बघत उभ्या असायच्या आणि इकडे घरी नोरीनचा नुसता जळफळाट. यंदा तो त्याच संघाचा मुख्य प्रशिक्षक झाला. पोट सुटलं होतं, केस गेले होते. तिला वाटलं होतं, चला, आता घोर मिटला.

आणि आता ही भवानी!

ओळखीतली एकेक लिझ तिने आठवून पाहिली. चर्चमध्ये गाणाऱ्या लिझला तर रविवारी नखशिखान्त न्याहाळलं. प्रार्थनेचा एक शब्द कानात शिरला नाही. शेवटी राहवेना, तेव्हा तिने कर्टिसला गाठलं. कर्टिस थॅडचा जुना जोडीदार. हा फेकायचा, तो झेलायचा. आता तो थॅडच्या हाताखाली सहायक होता.

"खरं सांग कर्टिस, थॅड झोपेत जिचं नाव घेतो ती लिझ कोण?"

कर्टिसच्या हातातली कॉफी हिंदकळली. मग तो पोट धरून हसत सुटला.

"अगं बाई, फुटबॉलवाल्याची बायको ना तू? समोरच्यांचा जोर डावीकडे दिसला की बचाववाले ओरडतात, लिझ! उजवीकडे दिसला की रीटा! लेफ्टला लिझ, राइटला रीटा. सगळ्या मैदानांवर हेच. तुझा नवरा झोपेतसुद्धा नोकरी करतो, बिचारा!"

"शपथ?"

"आईची!"

नोरीनला स्वतःचीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ती चेरीचा भलामोठा केक घेऊन सरावाला गेली. थॅडने लांबून हात केला. तिनेही केला, अगदी लग्नाआधी करायची तसा.

ती लिझ एकदा स्वतःच्या कानांनी ऐकावी, म्हणून ती दोरीपाशी उभी राहिली.

"रीटा! रीटा!" पोरं ओरडली. तिला हसू आलं.

मग जोर डावीकडे वळला. "लोला! लोला!"

पुन्हा डावीकडे. पुन्हा लोलाच.

ओटिस नावाचा एक धिप्पाड बचाववाला पाणी प्यायला कडेला आला. तिने त्याच्या हातावर केक ठेवला.

"काय रे, लेफ्टला लिझ असते ना?"

"बाकी सगळीकडे लिझच, मॅडम," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "कोचनी पहिल्याच दिवशी ते नाव बंद केलं."

"का बरं?"

"अंतिम सामन्यात म्हणे समोरचे 'लिझ' ओरडले, ती इथं कुठून आली म्हणून कोच वळून बघायला लागले, आणि झेल सुटला."