कोरी बंदूक

"एकदा तरी बार काढू या, एमिल. उद्या तू चाललास," डेलबर्ट म्हणाला आणि त्याने काडतुसांची डबी टेबलावर ठेवली. "माझीच आणलीत. माप एकच, हिला चालतात."

"ठेव ती खिशात," एमिल म्हणाला.

टेबलावर पुठ्ठ्याचं लांबट खोकं होतं. आत रायफल. राज्याच्या कुठल्याशा वर्धापनदिनासाठी मोजक्याच काढलेल्यांपैकी एक. एमिल कोस्टेलनिकने ती घेतली त्या उन्हाळ्यात सगळं गाव बघून गेलं होतं. पुढे खोकं पलंगाखाली गेलं ते गेलंच. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात बंदुकीवरून दोन तट आहेत. एक म्हणतो, ती वाजवायलाच असते. दुसरा म्हणतो, कोरी राहिली तरच तिला अर्थ. एमिल दुसऱ्या तटाचा म्होरक्या. नुसतं झाकण उघडू का विचारलं तरी गड्याच्या कपाळाला आठी. हवा लागते म्हणे. लोणचं आहे का ते?

"घोडा घ्यायचा आणि आयुष्यभर तबेल्यात उभा करून त्याचे दात मोजत बसायचं, तसलं तुझं," डेलबर्ट म्हणाला.

"ती आता नोरीनची आहे. आहे तशीच ठेवायची, एवढंच माझं सांगणं."

एमिलची मुलगी नोरीन कपबशा कागदात गुंडाळत होती. उद्या ती म्हाताऱ्याला ओहायोला आपल्या घरी नेणार होती. तिने बापाला कॉफी दिली, स्वतःला घेतली आणि भांडं परत चुलीवर ठेवलं. एमिलने आपला कप गुपचूप डेलबर्टपुढे सरकवला.

यात नवीन काहीच नव्हतं. नोरीन शाळेत होती तेव्हाची गोष्ट. हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला त्याच सकाळी तिची आई थेरेसा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. वरच्या जंगलातून एक गोळी आली. थेरेसा जागेवरच गेली. गोळी पुढे खांबात शिरून चेमटली, त्यामुळे कुठल्या बंदुकीची ते कळलं नाही. माप तेवढं कळलं. आणि त्या मापाची बंदूक घेऊन त्या चढावर फिरणारा एकच माणूस सापडला, डेलबर्ट शेफर. एमिलचा जिवलग मित्र. मी दोन बार काढले, पण डोंगराच्या पलीकडे तोंड करून, असं तो आजवर सांगत आला.

पोलिसांनी अपघात म्हणून मिटवलं. गावाने मिटवलं नाही. डेलबर्टची बायको माहेरी गेली ती परत आली नाही. दुकानात त्याला कुणी हाक मारीना. एमिल मात्र त्याला दर रविवारी जेवायला बोलवायचा. ज्याची बायको त्या गोळीने गेली तोच. पाद्रीसाहेब प्रवचनात त्याचं उदाहरण द्यायचे. नोरीनला बापाचा फार अभिमान होता, पण तिच्याच्याने ते जमलं नाही. पूर्वी ती म्हणायची 'डेलकाका'. त्या दिवसापासून नुसतं 'तुम्ही'.

आज मात्र तिला जाण्याआधी एक गोष्ट हवीच होती.

"आम्ही उद्या निघतोय," ती म्हणाली. "परत येणं होईल असं वाटत नाही. एकदा खरं सांगून टाका. मी कुणाकडे जाणार नाही. मला फक्त ऐकायचंय."

डेलबर्टने कप खाली ठेवला. "पोरी, केलंच नाही ते कुठून सांगू? कधी कधी वाटतं, हो म्हणून मोकळं व्हावं. निदान तुझा जीव तरी सुटेल."

"पुरे, नोरीन," एमिल म्हणाला. "त्याला छळू नकोस."

"बाबा, तुमचं मन मोठं आहे. माझं नाही."

डेलबर्टनेच विषय बदलला. खोक्यावर टिचकी मारून तो म्हणाला, "ही हिची झाली ना? मग ठरवू दे की हिलाच. थेरेसा तर मागेच लागली होती तुझ्या. म्हणायची, आणलीच आहेस तर एकदा आवाज तरी ऐकव."

नोरीनचा हात थांबला. "आई असं म्हणायची?"

"म्हणायची," एमिल म्हणाला.

नोरीनने कात्री घेतली. चिकटपट्टी जुनी होती, कुडकुडीत. एका फटक्यात निघाली.

"उघडू नकोस, बाळा."

"राहू दे हो बाबा. किंमत कमी झाली तर झाली. आईचं एवढं तरी करू."

तिने रायफल बाहेर काढली. पितळेवरची नक्षी अजून झकास होती. डेलबर्टने समाधानाने मान डोलावली. आमच्याकडे बंदूक हातात आली की पहिलं काम एकच, ती उघडून रिकामी आहे ना ते बघायचं. दुकानातून आत्ता आणलेली का असेना. एमिलनेच तिला लहानपणी शिकवलं होतं, विसरली तर हातावर चापट मारून. नोरीनने नळी भिंतीकडे केली आणि खालचा दांडा पुढे ढकलला; आत काही असेल तर त्याने बाहेर पडतं. एमिलने डोळे मिटले.

खट्ट झालं. काहीतरी पितळी उडून टेबलावर पडलं, घरंगळत खाली गेलं आणि डेलबर्टच्या बुटाशी थांबलं.

"माझं एखादं सांडलं वाटतं," डेलबर्ट वाकत म्हणाला.

त्याने ते उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. हिरवं पडलं होतं. तोंडाला गोळी नव्हती. नुसती पुंगळी, केव्हाच वाजून गेलेली.