डॉक्टर घरी येणार

डॉक्टरांना हे पडद्यावरचं तपासणं मुळीच रुचत नव्हतं. पेशंट दारातून आत आला की निम्मं दुखणं कळतं. इथे दिसायचं ते नुसतं लालबुंद नाक. त्यात या काकू प्रत्येक व्हिडिओ कॉलला आधीपेक्षा बेजार. गोळी बदलून झाली, नाकातला फवारा वाढवून झाला, पण उतार म्हणून नाही.

"काकू, जरा घर फिरवून दाखवा. कशाची ॲलर्जी आहे ते तरी बघू."

काकूंनी शिंकत शिंकत फोन घरभर फिरवला. पडदे धुतलेले, पंख्याची पाती लखलखीत, कपाटाच्या डोक्यावरही धुळीचा कण नाही. डॉक्टर चरफडले. संशय धुळीवर होता, तोही गेला.

"मग त्रास नेमका वाढतो कधी?"

काकूंना शिंकांपुढे बोलता येईना, तेव्हा मागून काका म्हणाले, "तुमचा फोन असला की! डॉक्टरांना मागचं सगळं दिसतं म्हणून सकाळपासून झाडू घेऊन स्टुलावर चढलेली असते. एरवी ठणठणीत."

डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला. "काकू, आधी तो झाडू खाली ठेवा. आणि यापुढे मी न कळवताच फोन करीन, म्हणजे प्रश्नच मिटला."

काकूंनी मान डोलावली आणि फोन टेबलावर ठेवला, पण कॉल बंद करायला विसरल्या. पडद्यावर नुसतं छत दिसत होतं, तेही लख्ख. काकूंचा आवाज आला,

"ऐकलंत ना? न कळवता फोनवर येणार आहेत म्हणे. आता रोजच झाडून ठेवायला हवं!"