खजुराची खाज

खजुराने मान वाकडी करून पुन्हा मागच्या पायाने खसाखसा खाजवायला सुरुवात केली आणि जयप्रकाशने हातातला कप टेबलावर आदळला.

"बास झालं. शनिवारी ऑफिसातला तौफीक येईल आणि याला मिरकाबला त्याच्या घरी कायमचा घेऊन जाईल."

खजूर म्हणजे त्यांचा फेरेट. मुंगसासारखा लांबुळका, रंगाने पिकल्या खजुरासारखा. कुवेत सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याने दोन वर्षांपूर्वी तो जयप्रकाशच्या गळ्यात मारला होता. दहा वर्षांच्या स्पृहाने त्याच दिवशी अबू हलीफातला तो फ्लॅट जवळजवळ त्याच्या नावावर करून टाकला.

"पप्पा, दॅट्स नॉट फेअर! ही इज सिक."

"म्हणूनच म्हणतोय. शेपटीजवळचे केस गेलेत, मानेवर रक्त येतंय. आणि घरात आजी आहे."

आजी म्हणजे सीताबाई. मुलाला कुवेतला येऊन बारा वर्षं झाली आणि त्या गुहागरजवळच्या गावातून पहिल्यांदाच आल्या होत्या, तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर. बाहेर पन्नास अंशांची भट्टी, आत एसीचा झोत. दारातून पाऊल टाकलं आणि त्यांनी पदर नाकाला लावला. एवढंच. पण मुलाला आणि सुनेला जे समजायचं ते समजलं. फेरेटच्या अंगाला उग्र दर्प असतो. घरच्यांना त्याची सवय होते, पाहुण्यांना होत नाही. चार दिवसांत आई परतीचं तिकीट मागणार, असं जयप्रकाशने स्वतःशी ठरवूनच टाकलं.

मग प्रियांकाने कंबर कसली. उन्हाळ्यात नळाला चटका बसेल असं पाणी येतं, म्हणून ती बादली आधीच भरून निववून ठेवायची. सकाळी सासूबाई पूजेला बसायच्या आत खजुराला बेबी शाम्पूने घसाघसा न्हाऊ घालायचं, ड्रायरने वाळवायचं आणि मग ऑफिसची गाडी पकडायची. पाचव्या दिवशी खजूर सीताबाईंच्या मांडीवर झोपलेला दिसला. सासूबाईंचा चेहरा अगदी शांत. प्रियांकाने त्याच दिवशी शाम्पूची मोठी बाटली आणली.

सीताबाई तशा रमल्या होत्या. एकदा त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि बाजूच्याच खोलीत जपाला बसल्या. दूध करपलं, धूर जिन्यापर्यंत गेला, शेजारच्या मारियाने बेल वाजवली तेव्हा त्या उठल्या. "काय एकाग्रता आहे आईंची!" प्रियांका भांडं घासताना म्हणाली. तिच्या बोलण्यात खोच नव्हती, हे विशेष.

खाज सुरू झाली ती तिसऱ्या आठवड्यात. धुळीच्या वादळावर संशय घेऊन झाला. सोफा पुसला, खाणं बदललं. खजूर खाजवतच राहिला. इंटरनेटवर वाचलं, तर फेरेटच्या शेपटीजवळचे केस गेले की ग्रंथीचा आजार असू शकतो, ऑपरेशनही लागू शकतं. स्पृहाने जेवण सोडलं. शनिवार दोन दिवसांवर होता.

गुरुवारी संध्याकाळी तिघं त्याला घेऊन फहाहीलच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर शहरबानू मूळच्या रत्नागिरीच्या. त्यांनी कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, कान पाहिले, सोनोग्राफी केली. पिसवा नाहीत, खरूज नाही, ग्रंथीही ठीक.

"आंघोळ किती वेळा घालता?"

"रोज!" प्रियांका अभिमानाने म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, याला दोन महिन्यांतून एकदा पुरे. रोज शाम्पू लावून अंगातलं तेल सगळं काढलंत, त्यात एसीची कोरडी हवा. खाजवेल नाही तर काय करेल? आणि गेलेलं तेल भरून काढायला अंग आणखी तेल सोडतं, म्हणजे वासही वाढतो. आंघोळ बंद करा, केस येतील."

प्रियांकाला हसू आलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. ऑपरेशन नाही, आजार नाही. स्पृहाने डॉक्टरांना मिठी मारली.

गाडीत मात्र जयप्रकाश म्हणाला, "म्हणजे आता काही आठवडे घर वास मारणार. आईचं काय?"

शनिवार अजून रद्द झाला नव्हता. वाटेतलं मंगाफ मागे पडलं तरी स्पृहाने पिंजऱ्यावरचा हात काढला नव्हता.

सीताबाई मेथी निवडत बसल्या होत्या. प्रियांका त्यांच्याजवळ खाली बसली.

"आई, खजुराला आता आंघोळ घालायची नाही म्हणाल्या डॉक्टर. त्यानेच खाज येत होती."

"बरं झालं गो! रोज सकाळी काकडायचा बिचारा. मी म्हटलं, इकडची पद्धत असेल, आपण कशाला मधे बोला."

"पण मग त्याचा वास येणार. पहिल्या दिवशी तुम्ही पदर नाकाला लावलात, तेव्हापासून तुमच्यासाठीच तर न्हाऊ घालत होते मी. तुम्हाला सोसत नसेल तर तौफीक परवा त्याला घेऊन जाईल. तुम्ही म्हणाल तसं."

स्पृहा दारात श्वास रोखून उभी होती. सीताबाईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"माझ्यासाठी? कुठे नाही पाठवायचा त्याला. राहू दे इथंच."

स्पृहा किंचाळत जाऊन आजीच्या गळ्यात पडली. जयप्रकाशने तिथल्या तिथे तौफीकला फोन लावून येऊ नकोस म्हणून सांगितलं. प्रियांकाने भिंतीला डोकं टेकलं. महिन्याभराचं ओझं उतरलं होतं.

"पण आई, खरं सांग," फोन ठेवून जयप्रकाश म्हणाला. "मन मारून नको राहूस. चालेल ना तुला तो वास?"

सीताबाईंनी जुडी पुन्हा हातात घेतली.

"मला वास येतोय कुठं रे? पदर लावला तो तुमच्या एसीचा गार झोत नाकात गेला म्हणून. करोनात बारा दिवस इस्पितळात होते ना, तेव्हापासून काहीच येत नाही. तुम्ही एवढ्या लांब, उगाच घोर लागेल म्हणून फोनवर बोलले नव्हते."